ब्लॉकचेनवर बोलीचा खेळ मांडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गावच्या जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बोलीचा खेळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुकारणारा माणूस चढती बोली ऐकतो, "एक वार, दोन वार" म्हणत थांबतो, कोणी हात वर करतो का ते पाहतो आणि तिसऱ्या वाराला नारळ देऊन टाकतो. हाच खेळ ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेल्या आणि सर्वांना दिसणाऱ्या नोंदवहीवर मांडायचा झाला, तर पुकारणाऱ्याच्या जागी एक छोटा प्रोग्राम येतो, ज्याला स्मार्ट काँट्रॅक्ट म्हणतात. हा प्रोग्राम हिशेबाला पक्का आहे. परंतु त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, आणि कोणी बटण दाबल्याशिवाय तो जागचा हलतही नाही. मी आठ मित्रांसाठी असा खेळ मांडला, तेव्हा माझ्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळे झाल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून सर्व पायऱ्या सविस्तर लिहीत आहे.

येथे आपण इथेरियम हे जाळे आणि रीमिक्स हे ब्राउझरमध्येच चालणारे मोफत साधन वापरणार आहोत. प्रोग्रामिंग येत नसले तरी हरकत नाही, मात्र इंग्रजी सूचना शांतपणे वाचण्याची तयारी हवी.

सुरुवातीलाच एक स्पष्ट इशारा

हा संपूर्ण खेळ चाचणी जाळ्यावर, म्हणजे ज्याला बाजारात किंमत नाही अशा चाचणी इथरवर (इथर हे इथेरियमचे चलन) खेळायचा आहे. खरे पैसे किंवा खरे क्रिप्टो लावून असा खेळ इतरांसाठी उघडू नका. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानुसार पैसे किंवा पैशांत बदलता येणारी वस्तू पणाला लावण्याचे ऑनलाइन खेळ चालवण्यास बंदी आहे. तो खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने तेथे फरक पडत नाही. असा खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "मित्रामित्रांत थोडेसे खरे लावू" हा मोह आमच्या गटातही झाला होता. तो बाजूला ठेवला आणि जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी मिसळ खिलवावी, असे ठरवले.

जवळ काय काय हवे

- संगणक किंवा लॅपटॉप (मोबाइलवर रीमिक्स उघडते, पण काम करणे जिकिरीचे होते)
- क्रोम किंवा फायरफॉक्स ब्राउझर, आणि त्यात केवळ या कामासाठी काढलेले वेगळे प्रोफाइल
- मेटामास्क वॉलेटचे (इथर ठेवण्याच्या आणि व्यवहारांना मान्यता देण्याच्या पाकिटाचे) ब्राउझरला जोडायचे एक्स्टेंशन, नव्याने तयार केलेले. जुने, खऱ्या रकमेचे वॉलेट अजिबात नको
- सेपोलिया या चाचणी जाळ्यावरचे थोडे इथर
- एक वही: त्यात काँट्रॅक्टचा पत्ता, कंपायलरची (कोड यंत्राला कळेल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती आणि लिलाव संपण्याची वेळ टिपून ठेवावी

ओळखपत्र, पॅन कार्ड किंवा बँक खाते यांपैकी काहीही लागत नाही. एखादे संकेतस्थळ चाचणी इथर देण्यासाठी पॅन किंवा वॉलेटचे गुप्त शब्द मागत असेल, तर ते पान तत्काळ बंद करावे.

1. नियम आधी कागदावर लिहा

बोलीच्या खेळाचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतला कोणता खेळायचा, हे ठरवल्याशिवाय संगणकाला हात लावू नये. सर्वांत सोपा प्रकार खुल्या चढत्या बोलीचा: प्रत्येकाची बोली सर्वांना दिसते, सर्वांत मोठी बोली जिंकते आणि बाकीच्यांची रक्कम परत मिळते. दुसरा प्रकार बंद लिफाफ्याचा. ब्लॉकचेनवर मुळात काहीच झाकलेले राहत नसल्यामुळे त्यात आधी बोलीचा केवळ सांकेतिक ठसा पाठवावा लागतो आणि नंतर ठरलेल्या मुदतीत खरी रक्कम उघड करावी लागते. ही दुसरी पायरी जो विसरतो त्याची अनामत अडकते, म्हणून पहिल्या खेळासाठी या वाटेला जाऊ नये. तिसरा प्रकार मात्र खट्याळ आहे. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन शुबिक यांनी 1971 मध्ये मांडलेल्या डॉलरच्या लिलावात सर्वांत मोठी बोली जिंकते, पण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीचीही रक्कम बुडते. परिणामी एक डॉलर मिळवण्यासाठी माणसे एका डॉलरहून अधिक बोली लावत सुटतात. चाचणी इथरवर हा खेळ फार रंगतो, परंतु त्यासाठी काँट्रॅक्टमध्ये बदल करावे लागतात.

आपण खुली बोली घेऊ. कागदावर चार गोष्टी लिहा: लिलाव किती वेळ चालेल, बोली किमान कितीने चढवावी लागेल, जिंकणाऱ्या बोलीची रक्कम कोणाच्या खात्यात जाईल आणि शेवटच्या क्षणी बोली आली तर वेळ वाढेल की नाही. जत्रेतला पुकारणारा हे सगळे प्रसंग पाहून ठरवतो. आपल्या पुकारणाऱ्याला ते आधीच लिहून द्यावे लागते.

2. वॉलेट तयार करा

वेगळ्या प्रोफाइलमध्ये मेटामास्क बसवा आणि नवे वॉलेट काढा. त्या वेळी दिसणारे बारा गुप्त शब्द कागदावर लिहून घ्या. त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका. चाचणीच्या वॉलेटचे शब्द हरवले तर नुकसान होत नाही हे खरे, पण सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी. त्यानंतर नेटवर्कच्या यादीत चाचणी जाळी दाखवण्याचा पर्याय चालू करून सेपोलिया निवडा. सेपोलियाचा साखळी क्रमांक 11155111 आहे. शंका आली तर तो ताडून पाहावा. जुन्या लेखांत रॉप्स्टेन, रिंकेबी किंवा गोर्ली ही नावे दिसतील. ती जाळी आता निवृत्त झाली असून त्यांच्यामागे लागण्यात वेळ घालवू नये.

3. चाचणी इथर मिळवा

चाचणी इथर वाटणाऱ्या संकेतस्थळांना फॉसेट, म्हणजे नळ, म्हणतात. आणि उन्हाळ्यातल्या नळासारखेच ते वागतात. काही ठिकाणी खाते उघडावे लागते, काही ठिकाणी मुख्य जाळ्यावर थोडी खरी शिल्लक असल्याशिवाय काहीच मिळत नाही, तर काही ठिकाणी संगणकाला थोडा वेळ गणिते सोडवायला लावून मगच इथर देतात. एका वेळी मिळणारी रक्कम लहान असते आणि पुन्हा मागण्यापूर्वी थांबावे लागते. म्हणून खेळाच्या दोन-तीन दिवस आधीपासून प्रत्येकाने स्वतःचे इथर जमवायला सुरुवात करावी. आम्ही ते आयत्या वेळेवर टाकले आणि आठांपैकी तिघांना प्रेक्षक म्हणून बसावे लागले. चाचणी इथर विकत देणारे लोकही भेटतील. त्याला किंमत नाही, त्यामुळे ते विकत घेऊ नये.

4. काँट्रॅक्ट रीमिक्समध्ये आणा

काँट्रॅक्ट सुरुवातीपासून लिहिण्याची गरज नाही. सॉलिडिटी या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजांत उदाहरणांचा विभाग आहे आणि त्यात खुल्या लिलावाचे एक साधे, टिपांसह समजावलेले काँट्रॅक्ट दिले आहे. त्याचे नाव सिंपल ऑक्शन. त्या उदाहरणावरच ते रीमिक्समध्ये उघडण्याचा दुवा असतो. तो दाबावा. अनोळखी व्हिडिओखाली दिलेले, "हे चिकटवा आणि कमवा" अशा भाषेतले कोड मात्र कधीही चिकटवू नये. अशा कोडमध्ये तुमची रक्कम दुसऱ्याच्या पत्त्यावर वळवणारी ओळ दडवलेली असू शकते.

रीमिक्समधील फायली तुमच्या ब्राउझरच्या साठ्यात राहतात. ब्राउझरची साफसफाई केली की त्या जातात, म्हणून काम झाल्यावर प्रत संगणकावर उतरवून ठेवावी.

आता काँट्रॅक्ट एकदा नीट वाचा. त्यात तीन कामे आहेत. बिड हे बोली लावते, विथड्रॉ हे मागे पडलेल्याची रक्कम परत करते आणि ऑक्शन एंड हे लिलाव बंद करून जिंकणाऱ्या बोलीची रक्कम लाभार्थ्याकडे पाठवते. तुमच्यापेक्षा मोठी बोली येताच तुमची रक्कम आपोआप खात्यात का येत नाही, वेगळे बटण का दाबावे लागते, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. याचे उत्तर 2016 मधल्या किंग ऑफ द इथर थ्रोन या खेळात आहे. त्यात नवा राजा आला की जुन्या राजाला भरपाई आपोआप पाठवली जाई. परंतु काही खेळाडूंचे वॉलेट स्वतःच एक काँट्रॅक्ट असल्यामुळे पाठवलेल्या व्यवहाराला गॅस (व्यवहार चालवण्यासाठी इथरमध्ये मोजावे लागणारे शुल्क) अपुरा पडला, भरपाई पोहोचलीच नाही आणि खेळ मात्र पुढे सरकला. तेव्हापासून ज्याची रक्कम त्याने येऊन घ्यावी, ही पद्धत सुरक्षित मानली जाते.

याच कामाचा दुसरा पैलू आणखी गोंधळात टाकतो. तुमची बोली 2 इथर होती आणि कोणी 3 केली. आता तुम्हाला 4 पर्यंत जायचे असेल, तर वरचे 2 पाठवून चालत नाही. पूर्ण 4 पाठवावे लागतात आणि आधीचे 2 विथड्रॉ दाबून वेगळे घ्यावे लागतात.

5. दोन-तीन लहान बदल करा

मूळ उदाहरण शिकवण्यासाठी आहे, त्यामुळे खेळासाठी ते थोडे उघडे पडते. पहिला बदल: कोणाची किती रक्कम परत मिळायची बाकी आहे, ती नोंद उदाहरणात बाहेरून दिसत नाही. पेंडिंग रिटर्न्स या नोंदीच्या घोषणेत पब्लिक हा शब्द घातला की त्यासाठी वेगळे बटण मिळते आणि खेळाडूंची अर्धी शंका तेथेच मिटते.

दुसरा बदल किमान वाढीचा. मूळ काँट्रॅक्टला आधीच्या बोलीपेक्षा एक वेई जास्त असले तरी पुरते, आणि एक वेई म्हणजे एका इथरच्या एकावर अठरा शून्ये इतक्या भागांपैकी एक भाग. जत्रेत कोणी पाच हजारांवर एक पैसा चढवला, तर लोक हसतील. काँट्रॅक्ट ती बोली निमूटपणे मान्य करते. बोली तपासणाऱ्या ओळीत आधीच्या बोलीत ठरावीक वाढ मिळवून मगच तुलना करावी. येथे एक खाच आहे: रीमिक्सच्या पडद्यावर फिनी (इथरचा हजारावा भाग) हे एकक दिसते, पण सॉलिडिटीच्या आजच्या आवृत्त्यांत ते कोडमध्ये चालत नाही. तेथे 0.001 इथर असेच लिहावे.

तिसरा बदल वेळ वाढवण्याचा, म्हणजेच "दोन वार" म्हणून थांबण्याचा. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर समाप्तीची वेळ 120 सेकंदांनी पुढे ढकलावी, अशी अट बिड या कामाच्या शेवटी घालावी. ती नसेल तर सगळे जण शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसतात. मात्र ही अट घातली की सगळे निर्धोक झाले, असे समजू नका. 2018 मध्ये फोमो थ्रीडी नावाचा खेळ गाजला होता. त्यात प्रत्येक खरेदीबरोबर घड्याळ पुढे सरके आणि शेवटच्या खरेदीदाराला मोठा वाटा मिळे. ऑगस्टमध्ये एकाने आपली खरेदी करून लगेच जास्त गॅसचे व्यवहार ओतून पुढचे ब्लॉक (साखळीत एकामागून एक जोडले जाणारे व्यवहारांचे गठ्ठे) भरून टाकले. इतरांच्या खरेद्या आतच येऊ शकल्या नाहीत आणि दहा हजारांहून अधिक इथर त्याच्या पदरात पडले. आठ मित्रांच्या खेळात इतकी कारस्थाने होत नाहीत, परंतु ब्लॉकचेनवरचे घड्याळ कसे चालते, ते यावरून कळते.

6. कंपाइल करा आणि घरच्या घरी तालीम घ्या

कंपायलरच्या पॅनेलमध्ये आवृत्ती निवडून कंपाइल करावे. पिवळ्या सूचना वाचून पुढे जाता येते; लाल दिसले तर मात्र थांबावे. आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहा, आठव्या पायरीत तो लागणार आहे.

त्यानंतर डिप्लॉयच्या, म्हणजे काँट्रॅक्ट जाळ्यावर चढवण्याच्या, पॅनेलमध्ये रीमिक्स व्हीएम निवडा. हे ब्राउझरच्या आतलेच लुटुपुटीचे जाळे असून प्रत्येक खात्यात 100 इथर आधीच ठेवलेले असतात. डिप्लॉय बटणाशेजारचा बाण दाबला की दोन रकाने उघडतात: पहिला लिलावाच्या वेळेचा, दुसरा लाभार्थ्याच्या पत्त्याचा. वेळ सेकंदांत द्यायची असते. मी पहिल्यांदा दहा मिनिटे म्हणून 10 लिहिले, व्यवस्थित डिप्लॉय केले, खाते बदलले, रक्कम भरली आणि बोली लावली. उत्तर आले की लिलाव आधीच संपला आहे. दहा मिनिटांसाठी 600 आणि एका दिवसासाठी 86400 लिहावे. घड्याळ डिप्लॉय करताच सुरू होते, पहिल्या बोलीची वाट ते पाहत नाही.

आता तालीम. पहिल्या खात्यावरून, त्याचाच पत्ता लाभार्थी म्हणून देऊन, 600 सेकंदांचा लिलाव डिप्लॉय करा. दुसरे खाते निवडा, व्हॅल्यूच्या रकान्यात 2 लिहा, शेजारचे एकक वेईवरून इथर करा आणि लाल रंगाचे बिड बटण दाबा. एकक बदलायला विसरलात तर बोली 2 वेईची होईल आणि किमान वाढीच्या अटीमुळे नाकारली जाईल. तिसऱ्या खात्यावरून 3 इथरची बोली लावा. प्रत्येक व्यवहारानंतर व्हॅल्यूचा रकाना पुन्हा शून्य होतो, म्हणून रक्कम दरवेळी नव्याने भरावी लागते. मग निळे हायेस्ट बिड बटण दाबून पाहा: 3 च्या पुढे अठरा शून्ये दिसतील, कारण काँट्रॅक्ट सगळा हिशेब वेईत ठेवते. दुसऱ्या खात्याची शिल्लक या वेळी 97.99 च्या आसपास असेल. त्यावरून नारिंगी विथड्रॉ दाबले की ती 99.99 च्या आसपास येते. कमी झालेला अंश गॅसचा.

शेवटी मुदत संपण्याआधी एकदा मुद्दाम ऑक्शन एंड दाबून नकार मिळतो का ते पाहा, आणि मुदत संपल्यावर पुन्हा दाबा. पहिल्या खात्यात 3 इथर जमा झाले की तालीम पूर्ण झाली. पान पुन्हा लोड केले तर तुमचा लिलाव पॅनेलमधून नाहीसा होतो. तालमीपुरते ते ठीकच आहे, घाबरू नये.

7. सेपोलियावर डिप्लॉय करा

आता पॅनेलमधील यादीतून मेटामास्क निवडा. रीमिक्सच्या आवृत्तीनुसार तो पर्याय इंजेक्टेड प्रोव्हायडर किंवा ब्राउझर एक्स्टेंशन अशा नावाखाली असतो. मेटामास्कवर सेपोलियाच निवडलेले आहे ना, हे डिप्लॉय दाबण्यापूर्वी पुन्हा पाहा. लाभार्थ्याचा पत्ता टाइप न करता वॉलेटमधून कॉपी करून चिकटवा आणि त्याची पहिली चार व शेवटची चार अक्षरे डोळ्यांनी ताडा. एकदा डिप्लॉय झाल्यावर तो पत्ता बदलण्याची सोय या काँट्रॅक्टमध्ये नाही.

मेटामास्कची खिडकी उघडेल, तीत गॅसचा अंदाज दिसेल, मान्यता द्यावी. सेपोलियावर दर बारा सेकंदांना नवा ब्लॉक येण्याची वेळ असते, त्यामुळे थोडे थांबावे लागते. "काहीच होत नाही" म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नये; प्रत्येक मान्यतेबरोबर एक नवा काँट्रॅक्ट तयार होतो आणि कोणता खरा, हे तुम्हालाच कळेनासे होते.

8. काँट्रॅक्ट सर्वांना वाचता येईल असे करा

इथरस्कॅन या, जाळ्यावरचे व्यवहार आणि काँट्रॅक्ट दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या सेपोलिया विभागात काँट्रॅक्टचा पत्ता घालून पडताळणीचा पर्याय निवडा. तेथे कंपायलरची तीच आवृत्ती, ऑप्टिमायझेशनची तीच निवड आणि तेच कोड द्यावे लागते. एका अक्षराचाही फरक चालत नाही. रीमिक्समध्ये या कामाचे प्लगिनही आहे. ही पायरी अनेक जण वगळतात, परंतु माझ्या मते खेळाचा खरा दरवाजा येथेच उघडतो. पडताळणी झाल्यावर इथरस्कॅनच्या पानावर वाचण्याची आणि लिहिण्याची बटणे दिसू लागतात, आणि तुमच्या मित्रांना रीमिक्स उघडण्याची गरजच राहत नाही. शिवाय नियम खरोखर सांगितले तसेच आहेत का, हे कोणालाही तपासता येते.

9. खेळाच्या दिवशी

खेळाडूंना गटात तीन गोष्टी पाठवा: काँट्रॅक्टचा पत्ता, समाप्तीची वेळ आणि "बोलीच्या रकमेशिवाय गॅससाठी थोडे इथर शिल्लक ठेवा" ही सूचना. शेवटची सूचना ठळक करावी, कारण सगळी शिल्लक बोलीला लावलेल्या खेळाडूला मागे पडल्यावर विथड्रॉ दाबण्यापुरताही गॅस उरत नाही. बोली नाकारली गेली तर बोलीची रक्कम जात नाही, पण त्या व्यवहाराचा गॅस जातो, हेही सांगून ठेवा.

काँट्रॅक्ट मांडणाऱ्यालाही बोली लावता येते, कारण मूळ उदाहरणात त्याला अडवणारी अट नाही. आपलाच माणूस उभा करून बोली फुगवण्याचा प्रकार जुनाच आहे. मांडणाऱ्याने खेळू नये, असा नियम आम्ही तोंडी केला आणि पाळला.

घड्याळ संपले तरी लिलाव आपोआप बंद होत नाही. नव्या बोली नाकारल्या जातात एवढेच. निकालाची नोंद आणि रकमेची पाठवणी कोणीतरी ऑक्शन एंड दाबल्यावरच होते. ते कोणीही दाबू शकतो, पण "कोणीतरी दाबेल" म्हणून सगळे बसून राहतात. ते काम एकाच्या नावावर लावून द्या.

10. खेळ संपल्यावर

पेंडिंग रिटर्न्सच्या बटणात प्रत्येक खेळाडूचा पत्ता घालून पाहा. ज्याच्या नावावर रक्कम दिसेल, त्याला विथड्रॉ दाबायला सांगा. ती रक्कम त्याच्याशिवाय कोणालाच काढता येत नाही, मांडणाऱ्यालाही नाही. हाच काँट्रॅक्ट पुन्हा वापरता येत नसल्यामुळे दुसऱ्या फेरीसाठी सातव्या पायरीपासून नवे डिप्लॉय करावे लागेल. नवा पत्ता पाठवताना गटातला जुना संदेश पुसून टाका. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत दोघे जण वीस मिनिटे जुन्याच लिलावावर बोली लावण्याचा प्रयत्न करत होते.